जोडी

धनपालदादा सुट्टीवर आला तेव्हा
ट्रंकेला बांधून एक लांब फळी आणली त्यानं,
पुढून वर वळलेली.
पलटणीच्या भंगारात पडली होती, म्हणाला,
बर्फावर घसरायची. स्की म्हणतात.
दुसरी?
दुसरी मोडली.

बाबांनी ती उन्हात धरली,
एक डोळा मिटून कड पाहिली,
नखानं तळ खरवडला,
आणि जेवायला बसेपर्यंत बोलले नाहीत.
मग ताटावरच:
"एकल्या बैलाले कोनी इचारते का बजारात?"

आमच्या गावात बर्फ म्हणजे
कुल्फीवाल्याच्या पेटीतला,
तुसात पुरलेला, एप्रिलपासून.
कुंपणावरून परसराम कापगते विचारायचे,
"काऊन गा भोजराज, दारं सोडून हे काय?"
बाबा रंध्यातला छिलका फुंकायचे.
"जोड."

बांबू घरचाच, दोन वर्षं चुलीवरच्या माळ्यात
धुरानं पिकलेला.
त्याच्या अंगठ्याएवढ्या पट्ट्या काढल्या,
एकीच्या गाठीशेजारी दुसरीची गाठ येऊ नये
म्हणून रात्रभर पत्त्यांसारख्या लावत बसले.
तळाला फुटक्या टाकीचं काळं प्लास्टिक,
कडेला आरा मशीनचं तुटकं पातं,
दात घासून गरीब केलेलं.
क्लॅम्प चारच होते.
बाकी वजन आईनं दिलं: धानाची तीन पोती, जातं,
आणि त्यावर मी,
मांडी घालून नववीचा भूगोल वाचत.

शेंडा मात्र वळेना.
एक तडकला. दुसराही.
शेवटी आईनं ओठ मुडपून
उकड्या धानाचा ड्रम रिकामा करून दिला.
बांबू धानासारखाच उकडला,
घरभर तोच वास,
पाहुणे येणार असल्यासारखा.
वाफाळता असतानाच गाडीच्या चाकावर ओढून
सायकलच्या ट्यूबनं आवळला.
पहाटे सोडला.
राहिला तसाच.

जुनीशेजारी नवी ठेवली
आणि बाबांचा चेहरा उतरला.
नवी हलकी, जुनी मरणाची जड.
"म्हातारा बैल अन् गोऱ्हा," म्हणाले,
"सरळ नाही चालाचे."
मग अजून एक.
सोळा दिवस गेले त्यात.
हटवारांची चौकट भिंतीला टेकून राहिली,
हटवार दोनदा येऊन चिडून गेले,
दुसऱ्यांदा चहाही न घेता.

माघात, राइस मिलच्या मागं
तुसाचा ढीग दुमजली झाला होता.
पायात दादाचे जुने बूट, बोटांपुढं चिंध्या,
वरून बैलाच्या वादीनं करकचून बांधलेले.
तळाला मोहाच्या टोळीचं तेल.
हातात दोन तुताऱ्या, आर तशीच ठेवून.
बाबांनी ढकललं नाही.
पाठीवर हात ठेवून फक्त म्हणाले, "हं."

मी गेले.
चौदा हात असेल. पंधरा म्हणू.
मधेच कुठंतरी आवाज गेला सगळा.
पाखडताना दाणे वर असतात
आणि सूप खाली थांबलेलं असतं,
तेवढा वेळ.
मग तोंडात तूस, कानात तूस,
हमालांचं हसणं,
परसरामकाका सायकल टाकून धावलेले.

बाबा माझ्याकडं आले नाहीत.
ते ढिगाच्या कडेनं वर चढत होते,
दोन रेघांच्या मधे वीत ठेवत,
खाली, मधे, वर,
पुन्हा मधे.
"बराबर हाय," म्हणाले, कुणालाच.

रात्री दादाचा फोन आला.
तिकडं वारा होता, की लाइनच खरखरत होती.
रेघा आहेत का अजून? त्यानं विचारलं.
मी खिडकीतून पाहिलं.
मिलची रात्रपाळी सुरू झाली होती,
दिव्याखाली पाइपातून तूस पडत होतं,
सावकाश, सगळ्यावर.
नाही, म्हटलं. बुजल्या.
"इकडंही," तो म्हणाला.

ओसरीवर बाबांनी ती जुनी, एकली,
आढ्यावरून खाली काढली होती
आणि एक डोळा मिटून
तिची कड पाहत होते.